ताईंना सांगितलं

धाकटीच्या वहीत, तीन आठवड्यांपूर्वीच्या मंगळवारच्या पानावर, तिच्या गोलगरगरीत अक्षरात लिहिलं होतं: 'ल.ने हत्यारांची पेटी देऊन टाकली. म्हणाला, आता हलकं वाटतंय. ताईंना सांगितलं. ताईंनी मान हलवली.' ताईंनी ते वाचलं, पान उलटलं, पुढचं पान वाचायला घेतलं, आणि चार ओळी झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं की डोळे तेवढे पुढे आलेत, आपण अजून मागेच बसलो आहोत. त्यांनी पान परत उलटलं. ताईंना सांगितलं. कधी सांगितलं? त्यांना आठवेना. आपल्याला आठवत नाही म्हणजे ते घडलंच नाही, असं ठणकावून म्हणायचं त्यांचं वय राहिलं नव्हतं. एकसष्टाव्या वर्षी माणूस चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्माच शोधतो. पण हत्यारांची पेटी? कारागीर आपली हत्यारं देऊन टाकतो आणि हलकं वाटतं म्हणतो, तेव्हा कान टवकारायचे, हे ज्यांनी बावीस वर्षं नव्या पोराटोरांना घोकवून घोकवून शिकवलं, त्यांच्याच कानावरून हे वाक्य गेलं आणि कानाला पत्ता नाही. त्यांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली. खुर्चीचा पाय फरशीवर करकरला आणि शेजारच्या खोलीतलं बोलणं क्षणभर थांबून पुन्हा सुरू झालं.

या 'ल.'ला, म्हणजे लिफ्टवाल्याला, त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. तो ताईंच्या हाताखालच्या धाकटीचा क्लायंट. समुपदेशनाच्या धंद्यात माणसाचं नाव खोलीबाहेर न्यायचं नाही असा दंडक. म्हणून जो तो आपल्या क्लायंटला त्याच्या कामावरून नाहीतर सवयीवरून एखादं नाव देतो आणि वहीत त्याचं पहिलं अक्षर लिहितो. त्यांच्या समुपदेशन केंद्रात अशी सगळी बिननावाची वस्ती होती: छत्रीवाली, घर बदलणारे आजोबा, लग्न मोडलेला दंतवैद्य. हा लिफ्ट दुरुस्त करायचा. बेचाळीस वर्षांचा, घरी बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. दर शुक्रवारी यायचा. पेटीचं बोलला त्याच्या पुढच्या शुक्रवारी तो आला नाही, काम आहे असा निरोप आला, आणि त्या रविवारी त्याने आपलं आयुष्य संपवलं. त्याला आज सोळा दिवस झाले. असं काही झालं की समुपदेशकाची आणि तिच्या सुपरव्हायझरची अशा दोन्ही वह्या चौकशी समितीसाठी एका पाकिटात घालायच्या आणि पहिला अहवाल सुपरव्हायझरनेच लिहायचा, हा नियम बारा वर्षांपूर्वी ताईंनीच भांडून करून घेतला होता. आपण केलेला खड्डा किती खोल आहे ते आत उतरल्यावर कळतं. साडेपाचला अहवाल द्यायचा होता, आता अडीच वाजले होते, आणि त्याआधी चार वाजता धाकटी यायची होती.

सुपरव्हायझर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पिवळी टोपी घातलेला बांधकामावरचा माणूस येतो. ताईंचे यजमान होते तोवर रोज संध्याकाळी विचारायचे, "मग, आज किती मजले चढवलेस?" दुसऱ्यांची दुःखं दिवसभर ऐकणाऱ्याचंही कुणीतरी ऐकावं लागतं, ऐकताना त्याच्या हातून काय निसटलं ते दुसऱ्यालाच दिसतं, हे त्यांना सांगून सांगून ताई थकल्या. "बरं, आणि तुझं कोण ऐकतं?" ते विचारत. "तुम्ही ऐका की." "मी? मी तर डाव्या कानाने पार गेलेला." मग दोघं हसत. हसण्यावारी नेलेली ही गोष्ट पुढे आठ वर्षं तशीच राहिली. केंद्रात ताईंचं 'हं' प्रसिद्ध होतं. एक 'हं' म्हणजे पुढे बोल, एक म्हणजे थांब, तिथेच थांब, आणि एक इतकं हळू, की समोरच्याला आपोआप रडू यायचं. नवी मुलं चहाच्या वेळी त्याच्या नकला करत आणि ताई दारात उभ्या दिसल्या की जीभ चावत. ताईंना त्याचा राग येत नसे. खरं म्हणजे आत कुठेतरी बरंच वाटत असे. आता टेबलावर दोन वह्या उघड्या ठेवून त्या विचार करत होत्या, की सुताराचा रंधा बोथट झाला तर लाकूड लगेच सांगतं. आपण गप्प बसून मान हलवतो, तीच आपली हत्यारं. ती कधी बोथट झाली ते कोण सांगणार?

त्यांनी स्वतःची वही काढली. दर बैठकीनंतर तीन ओळी, हा त्यांचा शिरस्ता. मंगळवार, धाकटी. 'छत्रीवाली: आईचा विषय टाळते, धाकटीही टाळू देते. दंतवैद्य: राग आता योग्य जागी जाऊ लागला. लिफ्टवाला: ठीक.' ठीक हा शब्द त्यांच्याच हातचा, ठ चा गोल पूर्ण, घाई नाही, खाडाखोड नाही. आणि त्या ओळीशेजारी, समासात, पेन्सिलीने: '३ फू. ८ बाय ४ फू. २. गज नकोत.' हे काय आहे, असं त्यांनी स्वतःलाच विचारलं. एखादी खूण असावी, बैठकीत सुचलेलं काही. तीन आठ, चार दोन. गज नकोत. त्या दोन शब्दांपाशी अडखळल्या आणि मग एकदम सगळं उलगडलं. ते खिडकीचं माप होतं.

यजमान गेले त्याला तीन वर्षं झाली होती. त्यांची खोली घराच्या मागच्या अंगाला, अंधारी. खिडकी पाडायचं त्यांनी आयुष्यभर टाळलं, का, तर उन्हाने पुस्तकं पिवळी पडतात. त्याच खोलीत ते चौदा महिने आजारी होते, त्याच खोलीत गेले, आणि नंतर ताईंनी तिचं दार लोटून घेतलं ते जवळजवळ तसंच. झाडायला तेवढं जायचं आणि श्वास रोखून बाहेर यायचं. मग एके दिवशी, का कोण जाणे, त्यांना वाटलं इथे खिडकी हवी. पूर्वेच्या भिंतीत, चांगली मोठी, खाली बसायला लाकडी फळी, आणि गज नकोत. त्या मंगळवारी सकाळी सुतार आणि गवंडी दोघं येऊन मापं घेऊन गेले होते. गवंड्याने भिंतीवर खडूने चौकोन काढला, आणि तो नुसता खडूचा चौकोन पाहून ताईंना इतकं बरं वाटलं की त्या केंद्रात येताना वाटेत दोनदा स्वतःशीच हसल्या होत्या. तीन वर्षांत प्रथमच त्यांना पुढच्या एखाद्या दिवसाची ओढ लागली होती. दुपारी धाकटी समोर बसून बोलत होती, तेव्हा ताई त्या न पाडलेल्या खिडकीत बसून गुडघ्यावर पुस्तक ठेवून वाचत होत्या. त्यांना ते आता स्वच्छ आठवलं. ऊन, फळी, पायावर घ्यायची शाल. तेवढं सगळं आठवलं. लिफ्टवाला आठवेना.

त्यांनी खूप आटापिटा करून पाहिला, की त्या दिवशी आपण दुःखात असू. यजमानांची तारीख जवळ होती का? नव्हती. तब्येत? उत्तम. बहिणीशी भांडण झालं होतं ते त्याच्या नंतरच्या आठवड्यात. माणसाची चूक झाली की त्याला निदान कारण तरी भारदस्त हवं असतं. शोक अनावर झाला होता, झोप नव्हती, वाईट बातमी आली होती, असं काही. लोक ते समजून घेतात, आपणही घेतो. पण आपण सुखात होतो म्हणून एका माणसाचं मरण आपल्या समोरून निघून गेलं, हे कुणाला सांगणार? आरशातल्या स्वतःला सांगायचीसुद्धा सोय नाही. खिडकी लागून आता पंधरा दिवस झाले होते. लिफ्टवाला गेल्याची बातमी आल्यावरही त्या तिच्यात बसल्या होत्या, सकाळचं ऊन पायावर घेत, त्याच्याबद्दल हळहळत. ती हळहळ खरी होती. खरी होती म्हणूनच आता ती आठवून त्यांना कानकोंडं वाटू लागलं.

पलीकडच्या खोलीत कुणीतरी हळू आवाजात रडत होतं, आणि या केंद्रात रडण्याकडे कुणी मान वळवून पाहत नसे. ताईंना त्यांचे सर आठवले. सर म्हणजे ताईंचे सुपरव्हायझर, ऐकताना डोळे मिटून घेणारे. ताई नवख्या असताना एकदा त्यांना खात्रीच पटली की म्हातारबुवांना डुलकी लागलीय, आणि परीक्षा पाहावी म्हणून त्या मध्येच गप्प बसल्या. तर सरांनी डोळे न उघडता त्यांची शेवटची सहा वाक्यं जशीच्या तशी म्हणून दाखवली, त्यातल्या एका अडखळण्यासकट. त्या दिवसांत ताई सरांपुढे सगळं ओतत, भीतीने हात गार पडलेले असत, घरी जाताना मात्र अंग हलकं झालेलं असे. मग दहा-बारा वर्षं गेली, नाव झालं, आणि त्या सरांकडे निवडक गोष्टी नेऊ लागल्या. पाहुणे यायचे म्हणून आपण पुढची खोली आवरतो आणि सगळा पसारा मागच्या खोलीत ढकलून दार लावतो, तसं. सरांनी एकदा विचारलं होतं, "हल्ली तुझ्या हातून काहीच बिघडत नाही वाटतं?" ताई हसल्या. सरही हसले, आणि पुढे त्यांनी तो विषय काढला नाही. सर जाऊन आठ वर्षं झाली. त्यानंतर ताई कुणाच्याच पुढ्यात बसल्या नाहीत. बरोबरीच्या चार जणांनी महिन्यातून एकदा एकत्र बसावं, एकमेकांचं ऐकावं असा बेत एकाने काढला होता. ताईंनीच तो हसण्यावारी नेला. आता या वयात कुणापुढे काय मांडायचं? आणि दर सहा महिन्यांनी नव्या तुकडीपुढे उभ्या राहून त्या सांगत होत्या, की सुपरव्हिजनशिवाय एक दिवसही काम करू नका. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. दिव्याला तो कधी दिसत नाही.

तीनच्या सुमारास त्या तोंडावर पाणी मारायला उठल्या. बोळात केंद्रप्रमुख भेटला. एके काळी तो त्यांच्याच हाताखाली शिकला होता. डोक्यावरचे केस गेले, चेहऱ्यावरचं वर्गातलं भित्रेपण तसंच राहिलं. तो त्यांना पाण्याच्या टाकीपाशी बाजूला घेऊन गेला.

"ताई, वाचल्या वह्या?"

"वाचतेय."

"मीही चाळल्या. म्हणजे तुम्ही नाराज होऊ नका. तिच्या वहीत पेटीचं आहे. तुमच्या वहीत 'ठीक' आहे."

"हो."

"आता त्याचा अर्थ दोन प्रकारे लागतो. तिने सांगताना नीट सांगितलं नसेल. वाक्य निसटतं असेल. नवी आहे. दुसरंच वर्ष. तुम्ही जे ऐकलंत त्यावर 'ठीक' म्हणालात." तो थांबला. त्यांच्याकडे न पाहता म्हणाला, "तशीही ती सोडून चाललीय. राजीनामा टाइप करून ठेवलाय तिने. तुमच्यावर मात्र अठ्ठावीस जणांचं सुपरव्हिजन आहे, ताई. उद्या तुमच्याबद्दल प्रश्न निघाला तर अख्खं केंद्र..."

"तू कधीपासून इतकं व्यवहाराचं बोलायला लागलास?"

"तुमची काळजी वाटते म्हणून बोललो."

त्याची काळजी खरी होती. ताईंना तेच कठीण गेलं. लबाड माणसाने लबाडी सुचवली असती तर झिडकारून टाकता आली असती. इथे सज्जन माणूस, डोळ्यांत पाणी येईल इतक्या आपुलकीने, झाकली मूठ झाकलेलीच ठेवा म्हणत होता. आणि त्याने सुचवलेलं वाक्य ताईंच्या मनात आधीच तयार होतं, हे त्यांना तो बोलत असताना कळलं. 'सदर बाब बैठकीत पुरेशा स्पष्टपणे मांडली गेली नसावी.' किती सभ्य वाक्य. कुणाला खोटं म्हणता येणार नाही. धाकटी स्वतःच मान्य करील, तिला तर शिक्षा हवीच आहे. गेल्या दोन मंगळवारी ती समोर बसून नुसती रडली होती, आणि ताईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हटलं होतं, "तू करायचं ते सगळं केलंस. एवढ्यात त्यावर बोलायची घाई करू नकोस." तेव्हा तिने मान वर करून ताईंकडे पाहिलं होतं. त्या पाहण्याचा अर्थ तेव्हा लागला नाही. आज लागला, असं ताईंना वाटलं: पोरीने सांगितलं होतं, तिला वाटत होतं ताईंनी ऐकलंय, आणि ताई त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. तिने मनाशी काय काय म्हटलं असेल.

खोलीत परत आल्यावर त्यांना लिफ्टवाल्याची बायको आठवली. आठवड्यापूर्वी ती केंद्रात आली होती, कुणाला न सांगता, कामावरून मधल्या सुट्टीत, ओळखपत्र गळ्यात तसंच. नियमाप्रमाणे तिला काही सांगता येत नव्हतं, म्हणून तिला ताईंच्या पुढ्यात आणून बसवलं होतं. काही न सांगता माणसाला परत पाठवण्यात ताईंचा हात धरणारं कुणी नव्हतं. बाई भांडायला आली नव्हती. तिने एवढंच विचारलं, "तो इथे येऊन बोलायचा का?" ताई म्हणाल्या, "यायचे ते." बाई म्हणाली, "घरी तो बोलायचाच नाही हो. जेवायचा, मुलीचा अभ्यास घ्यायचा, झोपायचा. शुक्रवारी इथून आला की जरा बरा वाटायचा. मला वाटायचं, चला, कुठेतरी कुणीतरी ऐकतंय ना, मग झालं." मग ती घड्याळ पाहून उठली, मधली सुट्टी संपत होती. ताईंनी तिला दारापर्यंत पोचवलं होतं आणि नंतर स्वतःच्या वहीत लिहिलं होतं: 'पत्नी भेटून गेली. समंजस.' ती नोंद आता त्यांना वाचवेना. त्यांना हुंदका आला, अगदी साधा, लहान मुलाला येतो तसा, आणि तो आवरायचं कौशल्य अंगवळणी पडलेलं असूनही त्यांनी तो आवरला नाही.

चारला धाकटी आली. केंद्रात सगळ्यांत लहान म्हणून हे नाव पडलं होतं, एरवी एकोणतीस वर्षांची बाई, पण गेल्या दोन आठवड्यांत तिचा चेहरा आणखी लहान झाला होता. खुर्चीच्या कडेवर बसली. मांडीवर एक फाइल.

"ताई, मी सगळं लिहून आणलंय. चूक माझी होती असं. तुम्हाला वेगळं लिहायला नको. फक्त सही करा."

"ती फाइल ठेव खाली. आधी माझं ऐक."

"नको ना, ताई. तुम्ही समजूत घालणार, मग मला रडू येणार. मला खरंच आता..."

"मी समजूत घालणार नाही," ताई म्हणाल्या. बावीस वर्षांत या टेबलाच्या या बाजूने त्यांनी स्वतःबद्दल एक वाक्य बोलल्याचं त्यांना आठवत नव्हतं. "त्या मंगळवारी तू मला पेटीचं सांगितलंस. मी मान हलवली, वहीत 'ठीक' लिहिलं. मी ऐकत नव्हते. मी घरी खिडकी करून घेत होते, तिची मापं डोक्यात होती. तू बोलत होतीस आणि मी इथे नव्हतेच. हे मी अहवालात असंच लिहिणार आहे. तुझ्यावर यातलं काही यायला नको, आणि तू हे काम सोडायचं काही कारण नाही. एवढंच."

बाहेर कुणीतरी चपला घासत गेलं. धाकटीने फाइलचा बंद बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला.

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"काय माहीत आहे?"

"तुमचं लक्ष नव्हतं ते. दिसत होतं की." तिने वर पाहिलं नाही. "म्हणून तर सांगितलं."

ताईंना पहिल्यांदा काही कळलंच नाही. वाक्य कानात शिरलं आणि तिथेच उभं राहिलं. धाकटी खाली मान घालून बोलत होती, आता थांबायचं नाही असं ठरवून आल्यासारखी. "शुक्रवारपासून ते माझ्या पोटात होतं. चार दिवस मला अन्न गेलं नाही. तुम्हाला सांगितलं, असं वहीत लिहिता यायला हवं होतं. पण तुम्ही विचारलेलं नको होतं. तुम्ही विचारता ना, अगदी शांतपणे विचारता, मग लपवताच येत नाही. त्या दिवशी तुम्ही पेन्सिलीने काहीतरी आकडे लिहीत होतात. आणि चेहरा इतका छान होता तुमचा. मी इतक्या दिवसांत तुम्हाला तसं कधी पाहिलंच नव्हतं. मी म्हटलं, आत्ताच. आत्ता सांगून टाकावं. तुम्ही मान हलवलीत आणि मी लगेच छत्रीवालीकडे वळले."

ताईंना हायसं वाटलं. ते इतकं अचानक आणि इतकं उघड होतं की त्यांच्या खांद्यांवरून खरोखरच काहीतरी उतरलं. दोष आपल्या एकट्याचा नव्हता, पोर आपल्याला चकवून गेली होती. आणि त्या हायसं वाटण्यामागोमाग त्यांना स्वतःची शिसारी आली. एक माणूस गेला होता. त्याच्या मरणाचा भार या टेबलावर इकडून तिकडे सरकत होता, आणि तो जरा पलीकडे सरकला म्हणून आपल्याला सुटल्यासारखं झालं. त्यांनी धाकटीकडे पाहिलं, नीट, बऱ्याच दिवसांनी. तिच्या डोळ्यांखाली काळं झालं होतं, बाहीचं एक बटण तुटलेलं होतं, आणि खालचा ओठ सोलून सोलून लाल झाला होता. आपल्यापुढे दोन वर्षं बसणाऱ्या या मुलीला आपल्या प्रश्नाची इतकी धास्ती वाटत होती, आणि आपण मात्र आपल्या शांत प्रश्नांचं कौतुक ऐकत बसलो. सरांच्या खोलीबाहेर उभी असलेली, आवरलेल्या गोष्टी बगलेत मारलेली एक चाळिशीतली बाई त्यांना आठवली, आणि तिचीही दया आली.

"मी काय विचारलं असतं?" ताईंनी विचारलं.

"तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही तेच विचारील.

"पेटी कुणाला दिली त्याने?"

धाकटीने मांडीवरची फाइल खाली ठेवली. ताईंनी 'हं' केलं नाही, मान हलवली नाही, नुसत्या बसून राहिल्या.

"मला," धाकटी म्हणाली. "माझ्या घरी आहे. पलंगाखाली."

क्लायंटकडून काही घ्यायचं नाही, फूलसुद्धा नाही, हा या कामातला पहिला धडा. धाकटीला तो पाठ होता. तिने तो इतरांना समजावूनही सांगितला असेल. "मी नको म्हटलं, ताई. दोनदा म्हटलं. तो म्हणाला, घरी ठेवली की मुलगी त्यात हात घालते, लागेल तिला. तुमच्याकडे राहू दे. मला वाटलं, हा माणूस आयुष्यात कुणावर विश्वास टाकत नाही आणि माझ्यावर टाकतोय. मला... मला बरं वाटलं हो. कुणी इतकं दिलंच नव्हतं मला. मी ती उचलली, जड होती खूप, दोन्ही हातांनी धरून घरी नेली. आणि सगळा वेळ मला आनंद होत होता." आता ती रडत होती, आवाज न करता, नाक पुसायचंही भान नव्हतं. ताईंनी कागदी रुमालांचा डबा पुढे सरकवला नाही. नेहमीचा तो हात या वेळी उठलाच नाही. त्या टेबलाला वळसा घालून तिच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसल्या, जिथे एरवी कुणी बसत नसे. दोघी आपापल्या सुखात होत्या आणि त्यांच्या मधून तो निघून गेला होता. हे समजून त्याला काय उपयोग, असं ताईंच्या मनात आलं. त्याला काहीच उपयोग नव्हता.

किती वेळ गेला कळलं नाही. दारावर टकटक झाली आणि केंद्रप्रमुखाने डोकं आत घातलं. ताईंची खुर्ची रिकामी पाहून तो गडबडला, मग त्याला त्या पलीकडे बसलेल्या दिसल्या.

"ताई, साडेपाच झाले. अहवाल..."

"आज नाही मिळणार."

"पण उद्या समिती..."

"समितीला सांग, ताईंचं अजून ऐकून झालेलं नाही. आणि लिहीन ते माझ्यापासून लिहीन, हेही सांग."

तो काही बोलणार होता. धाकटीकडे पाहून त्याने दार ओढून घेतलं.

"ताई, पेटीचंही लिहिणार?" धाकटीने विचारलं.

"लिहावं लागेल. पेटी त्यांच्या घरी पोचवावीही लागेल. आपण दोघी जाऊ." धाकटीने मान खाली घातली. ताईंनी दोन्ही वह्या मिटून टेबलाच्या पलीकडच्या कडेला सरकवल्या, पेन्सिल खणात टाकली आणि हात मांडीवर ठेवले. त्यांना भीती वाटत होती. नवख्या असताना सरांच्या पुढ्यात बसताना वाटायची तशीच, हात गार पडले होते.

"आता मला तो शुक्रवार सांग," त्या म्हणाल्या. "पेटीपासून नको. तो आत आला तिथून."

"सगळं?"

"सगळं."

धाकटीने डोळे पुसले. आठवायला लागली. "तो दम खातच आत आला," ती म्हणाली. "चार मजले. मी म्हटलं, लिफ्ट बंद आहे का आपली? तर म्हणाला, नाही, चांगली चालतेय. आज जिन्याने यावंसं वाटलं."